लई वाळलीस गं

माकणीत उन्हाळ्यात काय वाळत नाही ते विचारा. कुरडया वाळतात, मिरच्या वाळतात, पत्र्यावर टाकलेल्या शेंगा वाळतात, तारेवरची लुगडी तर तुम्ही पाठ फिरवेपर्यंत वाळतात. पाणी मात्र वाळत नाही, ते आटतं. फूल सुकतं. माणूस वाळतो, पण आपण वाळलो हे त्याचं त्यानं ठरवायचं नसतं. ते दुसऱ्यानं म्हणावं लागतं आणि तेही दारात उभं राहून, बाहेरगावाहून आलेल्याच्या गालांवरून हात फिरवून. "लई वाळलीस गं!" या वाक्याचा आणि वजनकाट्याचा काडीचा संबंध नाही. खरोखर हाडं निघालेल्या माणसाला असं कुणी तोंडावर म्हणत नाही. त्याला दवाखाना सांगतात.

एवढी साधी गोष्ट दैवशालाला ठाऊक नव्हती, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

दैवशाला नागूबाईची थोरली लेक. धाकटी शिवकांता. मुलगा नव्हता, म्हणून नवऱ्यामागं नागूबाईनं विचार करून थोरलीला गावातच दिलं. म्हातारपणी तोंडात पाणी घालायला कुणीतरी हाताशी असावं, हा हिशेब. जावयाचं, वैजनाथचं, घर दोन गल्ल्या सोडून. लग्नात वाजंत्र्यांनी पहिलं गाणं धरलं आणि ते संपायच्या आत वरात नवऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली. वाजवणाऱ्यांनाच लाज वाटली, त्यांनी मारुतीला आणखी दोन वळसे घातले. पोरीची पाठवणी म्हणून बाया पदर डोळ्यांना लावून तयार होत्या, पण नागूबाई रडलीच नाही. म्हणाली, "कुठं लांब चाललीय? सकाळी ताक न्यायला येईलच की." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीच्या अंगानं दैवशाला चरवी घेऊन मागच्या दारात उभी होती.

त्या दिवसापासून ती मागच्याच दारानं येत आली. सकाळी येऊन भाकरी टाकायच्या, पाणी भरायचं, शेळीला पाला टाकायचा. संध्याकाळी पुन्हा एक फेरी. समोरचा उंबरा पाहुण्यांसाठी असतो, आणि जी रोज येते तिला पाहुणी कोण म्हणणार?

शिवकांता पुण्याकडं दिलेली. तिचा नवरा चिंचवडला कंपनीत. ती यायची नागपंचमीला, नाहीतर उन्हाळ्यात. यंदाही पंचमीच्या आदल्या दिवशी तिची टमटम गल्लीच्या तोंडाशी थांबली. आधी पिशव्या उतरल्या, मग शिवकांता उतरली, आणि टमटमचं मागलं अंग चांगलं वीतभर वर आलं.

"थांब, उंबऱ्याबाहेरच थांब!" नागूबाई आतून ओरडली. तिच्या एका हातात भाकरीचा तुकडा होता, दुसऱ्या हातात तांब्या. तांब्या अर्थातच दैवशालानं भरून दिलेला, भाकरीही दैवशालानंच थापलेली. म्हातारीनं तुकडा लेकीवरून ओवाळला, मोडून दोन बाजूंना टाकला, पायांवर पाणी घातलं. मग दोन्ही तळवे तिच्या गालांवर ठेवले.

"लई वाळलीस गं माझे बाई! डोळे बघ कसे आत गेलेत."

डोळे आत गेले होते हे खरं. गालच एवढे वर आले होते की डोळ्यांना दुसरी वाट नव्हती. नागूबाईनं कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा वाजली.

"माझं ऱ्हाऊ दे आई, तूच लई वाळलीस," शिवकांता म्हणाली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. दैवशाला रिकामा तांब्या घेऊन बाजूला उभी. तिला ते रडणं म्हणजे शुद्ध नाटक वाटलं. आई वाळलीय म्हणे! आईला रोज जेवायला कोण घालतं? म्हणजे हा टोमणा कुणाला?

"दैवशाला," नागूबाई डोळे पुसत म्हणाली, "दूध तापव. सायीसकट दे तिला. पुण्यात कुठलं आलंय असलं दूध."

दैवशालानं दूध तापवलं. दाट साय धरली होती. तिनं ती चमच्यानं अलगद काढली, चुलीपुढं उभ्या उभ्या स्वतः खाल्ली आणि खालचं पाणचट दूध बहिणीला नेऊन दिलं. साय काही गोड लागली नाही. ती जळत होती, याला दुसरा शब्द नाही. दूध शिवकांताला मिळालं याचं तिला काही नव्हतं. पुण्याचा फ्लॅट, मऊ हात, यातलं तिला काही नको होतं. तिला हवी होती ती दारातली एक ओळ आणि गालांवरचे ते दोन तळवे. ते तिला उभ्या जन्मात मिळाले नव्हते.

शिवकांता गेली, पण ओळ गेली नाही. आता फोनवर चित्र दिसायला लागल्यापासून माहेरपण रोजचंच झालं होतं. नागूबाईला फोन धरता येत नाही, म्हणून तो दैवशालानं धरायचा. समोर शिवकांताचा भरलेला चेहरा, मागं तिचा फ्रिज. म्हातारी काचेवरच्या गालावरून बोट फिरवायची, "वाळलीस गं," म्हणायची, आणि बोट नको तिथं लागून फोन बंद व्हायचा. मग, "लाव की परत, अर्ध्यातच ऱ्हायलं," असं दैवशालालाच सांगायची. आणि दैवशाला परत लावायची, दात-ओठ खात.

शेवटी तिनं मनाशी ठरवलं. वाळल्याशिवाय वाळली कोण म्हणणार? मग वाळूनच दाखवायचं.

तिनं उपास धरले. सोमवार महादेवाचा होताच. मंगळवार तुळजापूरच्या आईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर एकादश्या आणि चतुर्थ्या. नवरात्रात तर नुसत्या पाण्यावर. वैजनाथ एक दिवस ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "बुधवारच्या देवानं काय घोडं मारलंय? त्यो नाराज व्हईल की."

"तुमी जेवा गपचिप," दैवशाला म्हणाली.

दिवाळीपर्यंत तिची चांगलीच दशा झाली. आधीच सोयाबीनच्या काढणीत राबलेली, अंगावर मांस कुठलं? गळ्याची हाडं वर आली. गिरणीत दळण घेऊन गेली तर आईच्या शेजारची कस्तुरा म्हणाली, "लई वाळलीस की गं! शुगर तपासून घे." दुसरीनं हळूच विचारलं, "वैजनाथ पितो का काय?" शब्द तोच, पण गिरणीतल्या बायांच्या तोंडून तो आला की त्याला चौकशीचा वास यायचा. दैवशालाला तो पाहिजे होता एकाच तोंडून, आणि ते तोंड काही उघडत नव्हतं.

ती मुद्दाम आईपुढं उजेडात बसायची. हात पुढं करून बांगड्या वर-खाली करायची. पार कोपराजवळ जाऊन यायच्या त्या. नागूबाईनं एकदा पाहिलं, आणि म्हणाली, "सैल भरल्या व्हय गं? कासार लबाड हाय त्यो."

आणि मग दिवाळीचा डबा. चकल्या तळल्या दैवशालानं, आणि चांगल्या चांगल्या वेचून पुण्याच्या डब्यात भरत होती नागूबाई. "लई वाळलीय ती," म्हणत एकेक चकली ठेवायची. मोडक्या बाजूला काढल्या होत्या, त्या गावातल्यांना.

दैवशालाला राहवलं नाही. ती आईपुढं जाऊन उभी राहिली. "आई, मी कशी दिसायले गं?"

नागूबाईनं मान वर केली, तिच्याकडं एकदा बघितलं. "कशी म्हंजे? रोजच्यासारखी." आणि डब्याचं झाकण लावलं.

रोजच्यासारखी. घरी जाताना हा शब्द दैवशालाच्या टाळक्यात घण घालत राहिला. महिनोन् महिने उपाशी मरून आपण रोजच्यासारखीच? पण दोन गल्ल्या संपायच्या आत तिच्या ध्यानात आलं, गोम इथंच आहे. पिकतं तिथं विकत नाही. आपण रोज दिसतो, हाच आपला गुन्हा. शिवकांता काही वाळते म्हणून वाळत नाही, ती जाते म्हणून वाळते. तेव्हा आता जायचं.

जायला निमित्तही चालून आलं. तेरला तिची नणंद पद्मिन, तिच्या लेकीचं लग्न निघालं. एरवी दैवशाला सकाळच्या एसटीनं जाऊन अक्षता टाकून रात्री माघारी आली असती. यंदा तिनं जाहीर केलं, "मी मामी हाय पोरीची. चांगली आठ-दहा दिवस आधी जाणार." वैजनाथनं डोळे विस्फारले. आईला सांगताना तिनं चोरून तिच्या तोंडाकडं बघितलं. आई म्हणेल, तू गेल्यावर माझं कसं व्हायचं? निदान एवढं तरी म्हणेल.

"जा की," नागूबाई म्हणाली. "मला काय धाड भरलीय?"

झालं! दैवशालानं शेजारच्या कस्तुराला भाकरी द्यायला सांगितलं, वैजनाथला दूध पोचवायला सांगितलं आणि ठसक्यात पिशवी भरली.

तेरला ती उतरली तशी पद्मिन धावत आली. "अगं बया, वयनी, लई वाळलाव की तुमी!" मायेनं म्हणाली बिचारी, पण ते जमेत धरायचं नव्हतं. जमेत धरलं नाही तरी त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. लग्नघर, त्यात मामीचा मान. सकाळी शेंगपोळी आणि तूप, दुपारी पुरण, संध्याकाळी आचाऱ्यानं चाखायला म्हणून दिलेली बुंदी. "वयनी, घ्या, माझ्या गळ्याची आण," म्हणत पद्मिन वाढायची. इतक्या महिन्यांची दाबलेली भूक एकदम उठली, आणि दैवशाला जेवली. जेवली म्हणजे सगळ्या देवांचं थकलेलं देणं एकदम फेडावं तशी जेवली. दुपारी गोरोबाकाकांच्या देवळात थंड फरशीवर जाऊन बसली की मनातल्या मनात आईचं दार रंगवायची. आई उंबऱ्यात येईल, तुकडा ओवाळेल, तळवे गालांना लागतील. घरी तिनं एकदाही फोन केला नाही. होऊ दे आठवण. वैजनाथचा फोन आला की तो सांगायचा, "म्हातारी बरी हाय. जेवले म्हणती."

लग्न पार पडलं. निघायच्या दिवशी ती चोळी घालायला गेली आणि हुक लागेना.

पद्मिनच्या आरशात तिनं तोंड बघितलं. गाल भरलेले, कातडीवर तेज. केलं कमावलं मातीत गेलं! धाराशिवहून लोहाऱ्याच्या गाडीत बसल्यावर तिनं खिडकीच्या काचेत गाल आत ओढून बघितले. शेजारची बाई सरकून बसली.

माकणीला उतरून ती घरी गेली नाही. तडक आईच्या गल्लीत शिरली आणि जन्मात पहिल्यांदा, पिशवी घेऊन, समोरच्या दारापुढं उभी राहिली.

"आई!"

"कोण हाय?"

"मी. दैवशाला."

"मंग मागून ये की. दार लोटलेलंच हाय."

"न्हाई. तू ये भाईर."

आत बाजेचा आवाज झाला. मग भिंतीला धरत धरत नागूबाई उंबऱ्यापाशी आली. ऊन थेट तिच्या अंगावर पडलं. दैवशाला आईला रोज बघत होती, पण चुलीपाशी, अंधारात, भाकरी थापता थापता. समोरून, उजेडात, दाराच्या चौकटीत आईला तिनं कधी बघितलंच नव्हतं. चौकट केवढी मोठी वाटत होती. गळ्याच्या हाडांत वाटीभर पाणी राहिलं असतं. चौकटीला धरलेल्या हातातल्या बांगड्या घसरून कोपरापाशी जाऊन बसल्या होत्या.

"आई, लई वाळलीस गं!"

म्हणायचं असं तिनं ठरवलेलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडलं आणि मगच तिला ऐकू आलं.

नागूबाई तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आज दिसलं व्हय तुला?"

दैवशालाची नजर त्या बांगड्यांवरून हलेना.

"शिवकांताला येताबरूबर दिसतं," म्हातारी म्हणाली. "मला वाटायचं, थोरलीला दिसतच न्हाई. रोज येती, रोज जाती. एकदा तरी म्हणंल, एकदा तरी म्हणंल. न्हाईच म्हणलीस."

हे काही दहा दिवसांत झालेलं नव्हतं, हे आता दैवशालाला कळत होतं. शिवकांता पंचमीला रडली ते नाटक नव्हतं. आपण मात्र स्वतःच्या बांगड्या दाखवण्यात दंग होतो. तिला आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"काय खात हुतीस? कस्तुरा देत नव्हती व्हय भाकरी?"

"देत हुती की. शेळीला घातल्या. तिच्या भाकरीला पापुद्रा न्हाई."

"आन् दूध?"

"चहा करून पेले. जातंय कुठं एकटीला."

दैवशाला पुढं झाली तशी नागूबाईनं हात आडवा घातला. "थांब! उंबरा वलांडू नको. लांबून आलीयस." ती आत वळली. उतरंडीत, टोपल्यात, फळीवर खडखड झाली. बराच वेळ झाली. मग म्हातारी रिकाम्या हातांनी दारात आली, आणि तिचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला होता.

"तुकडा न्हाई गं घरात. वाळका सुदिक न्हाई."

ओवाळायची भाकरी आजवर जिनं थापली, तीच गावाला गेली होती. मग भाकरी येणार कुठून?

दैवशालानं पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली. घराला वळसा घालून मागच्या दारानं आत आली, चूल पेटवली, पीठ घेतलं. नागूबाई शेजारी येऊन बसली. पहिली भाकरी टम्म फुगली. दैवशालानं दुसरी तव्यावर टाकली, तोवर म्हातारीनं पहिलीचा तुकडा मोडला, बोटं भाजली तशी फुंकर घातली, आणि तांब्या स्वतःच्या हातानं भरला.

"जा आता. म्होरून ये."

दैवशाला पिठाच्या हातांनी मागच्या दारातून बाहेर पडली, पुन्हा वळसा घालून आली, पिशवी उचलली आणि पाहुणीसारखी उभी राहिली. नागूबाईनं तुकडा ओवाळला, मोडून दोन बाजूंना टाकला. पायांवर पाणी पडलं. मग ते दोन तळवे गालांवर आले. खरखरीत होते, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा गरम.

तळवे गालांवर फिरता फिरता एकदम थांबले.

"भरलीस की गं तू," नागूबाई म्हणाली. डोळे बारीक करून बघायला लागली. "कुणी खाऊ घातलं एवढं? पद्मिननं? लई चांगला हात हाय व्हय तिचा?"

हा आवाज दैवशालानं ओळखला. न ओळखायला काय झालं, पंचमीपासून ती त्याच आवाजात स्वतःशी बोलत आली होती. आई जळत होती. तिच्यावरून, दैवशालावरून, गावातच दिलेल्या, रोजच्यासारख्या लेकीवरून तिची आई तेरच्या पद्मिनवर जळत होती. आतापर्यंत खाल्लेली सगळी शेंगपोळी तिला त्या क्षणी अंगी लागली.

"कुणी न्हाई गं," दैवशाला बेधडक म्हणाली. "लग्नाच्या गडबडीत कोण कुणाला इचारतंय? पाणी पिऊन काढले दिवस. तुझ्या चुलीची सारखी आठवण."

"खरं?"

"खरंच की."

नागूबाईचा चेहरा निवळला. तळवे पुन्हा फिरायला लागले, कपाळावरून, भरल्या गालांवरून, हनुवटीपर्यंत.

"तरीच म्हणलं," ती म्हणाली. "लई वाळलीस गं माझे बाई! डोळे बघ कसे आत गेलेत."

तिनं स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. एकच वाजलं, बाकीच्यांत जोर नव्हता. दैवशाला जी रडायला लागली ती शेजारची कस्तुरा हातातलं दळण टाकून बाहेर आली, कोण गेलं म्हणून.

"ये आता आत, बस," नागूबाई म्हणाली. "पाहुणी हाईस आज. दूध देते तापवून." मग तिनं नाक वर करून वास घेतला. "तव्यावरची तेवढी उलथ आधी, करपायली."

आणि दैवशाला समोरच्या दारानं, उजवा पाय आधी टाकून आत गेली, आणि तिनं भाकरी उलथली.